विद्युत शेगडीची थेट जोडणी आणि घरगुती वायरिंगचा इतिहास : वसमत परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील विद्युतीकरणाचा इतिहास बहुधा धरणे, वीजकेंद्रे, खांब आणि कृषिपंप यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. वीज घराच्या उंबरठ्याच्या आत आल्यावर कोठपर्यंत पोहोचली, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. ओसरीवर दिवा लागला, पुढे माजघरात पंखा आला, दूरदर्शन संच आला. परंतु स्वयंपाकघरातील चुलीची जागा विजेने घेतली नाही. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच विजेवर चालणारी मोठी शेगडी घराच्या वीजपुरवठ्याला कायमची जोडली जाऊ लागली होती. मराठवाड्यात मात्र विद्युत शेगडी ही भाड्याच्या खोलीतील विद्यार्थ्याची किंवा अडीअडचणीची वस्तू राहिली.

याचे कारण म्हणून लोकांचे दारिद्र्य आणि गृहिणींचा परंपराप्रिय स्वभाव यांकडे बोट दाखविले जाते. प्रस्तुत निबंधात या समजाची तपासणी केली आहे. वसमत तालुका व त्याभोवतीचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून घरगुती वायरिंगची घडण, तिला लागू असलेले कायदे आणि स्वयंपाकाची प्रत्यक्ष रीत यांचा एकत्रित विचार येथे केला आहे. येथील घरांना जी वीजजोडणी मिळाली ती दिव्यासाठी मिळाली. चुलीसाठी लागणारी जाड तार, स्वतंत्र मंडल आणि अर्थिंगची तिसरी तार तिच्यासोबत आलीच नाही, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. थेट जोडणी : संकल्पना आणि जागतिक पार्श्वभूमी

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे आदर्श स्वयंपाकघर मांडण्यात आले होते. तथापि तापलेली तार वारंवार जळून जात असल्याने ही साधने दीर्घकाळ कुतूहलाचा विषय राहिली. १९०६ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांनी निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व घेतले. ही मिश्रधातू लाल होईपर्यंत तापूनही लवकर गंजत नाही. आजच्या शेगडीतील कॉइल याच शोधाची देणगी होय.

तारेचा प्रश्न सुटला तरी जोडणीचा प्रश्न उरला होता. २३० व्होल्ट दाबावर ६० वॅटचा दिवा सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह घेतो. २००० वॅटची एक शेगडी ८.७ अँपिअर घेते, म्हणजे दिव्याच्या सुमारे तेहतीस पट. चार शेगड्या आणि भट्टी असलेल्या ८ किलोवॅटच्या संपूर्ण संचास जवळजवळ ३५ अँपिअर लागतात. तारेत किंवा सैल सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे जो सांधा एका दिव्यासाठी निर्धोक असतो, त्याच सांध्यात एका शेगडीमुळे सुमारे अकराशे पट उष्णता निर्माण होते.

याच कारणास्तव ब्रिटनमध्ये स्वयंपाकाच्या मोठ्या संचासाठी मुख्य फलकापासून निघणारे स्वतंत्र मंडल, जाड तार आणि हाताशी असलेला स्वतंत्र नियंत्रक स्विच अशी पद्धत रूढ झाली. संच प्लग लावून वापरण्याऐवजी तारेनेच कायमचा जोडण्यात येई. दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथील वीजकंपन्या असे संच भाड्यानेही देत. म्हणजे शेगडी घरात येण्यापूर्वी तिची तार घरात येत असे. अमेरिकेतही शेगडीस स्वतंत्र मंडल होते. परंतु युद्धकालीन तांब्याच्या टंचाईत शेगडीचा सांगाडा न्यूट्रल तारेलाच जोडण्याची सवलत देण्यात आली. नव्या जोडण्यांसाठी ती सवलत १९९६ च्या संहितेने बंद झाली. टंचाईच्या काळात गाळलेली एक तार परत आणण्यास अर्धशतक लागते, हा धडा आपल्यासाठीही महत्त्वाचा आहे.

३. निजामी राजवट ते राज्य विद्युत मंडळ

मुंबईत १९०५ पासून विद्युत कंपनीमार्फत वीजपुरवठा सुरू झाला. वसमत त्या काळी हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होते. संस्थानची राजधानी असलेल्या हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी १९२० मध्ये औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले; परंतु त्याचा लाभ राजधानीपुरता होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी २० जून रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. पुढे १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला व वसमत त्यात समाविष्ट झाले.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच १९५६ साली भारतीय विद्युत नियम तयार झाले. म्हणजे या प्रदेशातील खेड्यांत वीज येण्यापूर्वीच घरगुती सुरक्षिततेची नियमावली उपलब्ध होती. नियम नव्हते म्हणून वायरिंग सदोष राहिली, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही.

पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांनी १९६० च्या दशकानंतर या परिसराचे अर्थकारण बदलले. येलदरी येथे २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. कालव्यांच्या पाण्यावर वसमत भागात ऊस, केळी आणि हळद ही पिके फोफावली. सहकारी साखर कारखाना आला. नदीने पाणी दिले आणि वीजही दिली. तरीही या भागातील उष्णतेच्या दोन मोठ्या गरजा, म्हणजे घरचा स्वयंपाक आणि हळद शिजविणे, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या व लाकूडफाटा यांवरच भागविल्या जात राहिल्या.

४. विद्युतीकरणाची व्याख्या आणि तिचा परिणाम

ग्रामीण विद्युतीकरण कशास म्हणावे याची सरकारी व्याख्या पाहिली असता स्वयंपाकघर दुर्लक्षित का राहिले याचा उलगडा होतो. ऑक्टोबर १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत मानले जाई. शिवारातील एका विहिरीवर पंप बसला तरी व्याख्या पूर्ण होत असे. १९९७ नंतर वस्तीत वीज असणे आवश्यक ठरले. २००४ च्या व्याख्येने सार्वजनिक ठिकाणांसोबत किमान १० टक्के घरांत वीज असण्याची अट घातली.

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या कार्यात कृषिपंपांना मोठे स्थान होते. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या काळात हे धोरण समर्थनीय होते. १९८८-८९ मध्ये आलेल्या कुटीर ज्योती कार्यक्रमाने गरीब कुटुंबांना जोडणी दिली. ती एका दिव्याची होती. २०१७ च्या सौभाग्य योजनेतही घरातील वायरिंग एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा एक बिंदू एवढ्यापुरती होती. या योजनांनी अंधार दूर केला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक टप्प्यावर ‘घरात वीज’ याचा अर्थ ‘घरात दिवा’ असाच राहिला. घर किती वीज सुरक्षितपणे घेऊ शकते हे मोजण्याची पद्धत कोणत्याही व्याख्येत आली नाही.

५. घरातील वायरिंगची घडण

या प्रदेशातील जुनी घरे दगड-मातीची व माळवदाची. पुढे पत्र्याच्या छपरांची संख्या वाढली. सुरुवातीची वायरिंग सागवानी पट्टीवर खिळ्यांनी बसविलेल्या तारांची असे. चिनी मातीचे कटआउट, बेकलाइटचे बटन आणि लाकडी बोर्ड हे तिचे घटक. वायरमन तारेची जाडी १/१८, ३/२२, ७/२० अशा गेजच्या भाषेत सांगत. पुढे चौरस मिलिमीटर हे परिमाण आले. दिव्याच्या मंडलास बारीक तार पुरेशी असे व तीच सर्व घरभर फिरविली जाई.

तांब्याच्या टंचाईमुळे १९६० नंतरच्या काही दशकांत देशभर घरगुती वायरिंगसाठी ॲल्युमिनिअमच्या तारा मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. ॲल्युमिनिअम दाबाखाली हळूहळू पसरते, त्याच्यावर वीज न वाहणारा थर जमतो आणि स्क्रूखालील सांधा सैल होतो. दिव्याच्या अल्प प्रवाहात हा दोष जाणवत नाही. शेगडीच्या प्रवाहात मात्र तोच सांधा तापतो, बोर्ड काळा पडतो आणि जळकट वास येतो. ‘हीटर लावला की बोर्ड जळतो’ या अनुभवाचे मूळ शेगडीपेक्षा भिंतीतील तारेत असते.

भारतातील गोल पिनांचे प्लग ब्रिटिश प्रमाणावरून आले. लहान प्लग ५ अँपिअरचा व मोठा १५ अँपिअरचा. आजच्या भाषेत ६ व १६ अँपिअरचा. मोठ्या प्लगसाठी स्वतंत्र जाड तार असावी ही त्यामागील योजना. परंतु घरात मोठे सॉकेटच नसेल तर शेगडीची वायर सोलून तिची टोके लहान सॉकेटच्या छिद्रांत खोचणे व ती निसटू नयेत म्हणून आगपेटीची काडी घुसविणे, हा उपाय घरोघरी ठाऊक झाला. लोकभाषेत यालाच ‘डायरेक्ट जोडणे’ म्हणतात. पाश्चात्त्य घरातील थेट जोडणीमागे स्वतंत्र मंडल, नियंत्रक स्विच आणि अर्थिंग असते. आपल्याकडील ‘डायरेक्ट’मध्ये या तिन्हींचा अभाव असतो. शब्द एकच असला तरी एक पद्धत सुरक्षिततेची आहे आणि दुसरी तिच्या अभावाची.

६. कायदा आणि तिसरी तार

१९५६ च्या नियमांतील चार तरतुदी या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. नियम ३३ अन्वये ग्राहकाच्या आवारात पुरवठा जेथे सुरू होतो तेथे किंवा त्याजवळ योग्य असे अर्थिंगचे टर्मिनल उपलब्ध करून देणे व ते सुस्थितीत राखणे ही पुरवठादाराची जबाबदारी होती. नियम ४५ अन्वये दिवे, पंखे, फ्यूज, बटन बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावयाचे होते. नियम ४७ मध्ये जोडणीपूर्वी ग्राहकाच्या वायरिंगची चाचणी घेण्याची तरतूद होती. नियम ५४ ने पुरवठ्याच्या दाबातील चढउतारास मर्यादा घातली. उत्तरकाळातील स्वरूपात ती ६ टक्के होती.

प्रत्यक्षात खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये दोनच तारा असत : फेज आणि न्यूट्रल, अर्थात बोलीतील ‘झिरो’. तिसऱ्या तारेसाठी अंगणात खड्डा घेऊन त्यात पत्रा किंवा नळी पुरणे, मीठ व कोळसा भरणे हे काम घरमालकावर आले. त्याचा खर्च दिसतो, लाभ दिसत नाही. दिवा तर अर्थिंगशिवायही लागतो. म्हणून ते राहून गेले. अर्थिंगची भारतीय प्रमाण संहिता १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु संहितेपासून अंगणापर्यंतचे अंतर मोठे होते.

या प्रदेशातील काळ्या मातीचाही येथे विचार करावा लागतो. ओली असताना ही माती विजेस चांगली वाट देते. परंतु उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पुरलेल्या पत्र्याशी तिचा संपर्क तुटतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते, ते या टंचाईच्या ऋतूतच. समजा अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. शेगडीच्या सांगाड्यात वीज उतरली तर जमिनीत सुमारे २३ अँपिअर प्रवाह जाईल. १५ अँपिअरची फ्यूज तार वितळण्यास साधारणतः याहून बराच अधिक प्रवाह लागतो. फ्यूज शाबूत राहते आणि सांगाड्यावर वीज खेळत राहते. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली असेल तर उरलीसुरली आशाही संपते.

अर्थिंग नाही म्हणून सांगाडा ‘झिरो’स जोडणे हा आणखी एक घातक तोडगा. वाऱ्यावादळात वरील न्यूट्रल तार तुटली की घरातील उपकरणामार्गे फेजचा दाब थेट सांगाड्यावर येतो. पत्र्याच्या घरात तर भिंत, छप्पर आणि कपडे वाळत घालण्याची तारही त्यात सापडू शकते.

७. तवा, ओला हात आणि उघडी कॉइल

बाजारात मिळणारी स्वस्त शेगडी म्हणजे पक्क्या मातीच्या तबकडीच्या खाचेत बसविलेली उघडी कॉइल. दूध तापविण्यास ती चालते. परंतु या प्रदेशाचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी होय. भाकरी थापून लोखंडी तव्यावर टाकली की तिच्या वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवावा लागतो. ते पाणी सुकू लागताच ती उलटतात आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवितात. वापराने सैल झालेली कॉइल खाचेतून वर आली की ती तव्यास टेकते. तवा लोखंडाचा, हात ओला, पाय अनवाणी आणि खाली शेणाने सारवलेली ओलसर जमीन. विजेचा धक्का बसण्यास आवश्यक असलेली प्रत्येक गोष्ट येथे भाकरी करण्याच्या नित्य रीतीतच उपस्थित असते.

सोललेल्या तारांची टोके सॉकेटमध्ये कोणत्या छिद्रात गेली याचाही नेम नसतो. बटन न्यूट्रलवर पडले तर ते बंद केल्यावरही कॉइलवर दाब कायम राहतो. अशा स्थितीत ज्या स्त्रीने ‘त्या शेगडीवर भाकरी नको’ असे म्हटले असेल तिला परंपराप्रिय ठरविणे अन्यायाचे होईल. तिचा नकार तिच्या परिस्थितीचे अचूक निरीक्षण होते. स्वयंपाकाची रीत न पाहता साधन तयार करण्यात आले आणि साधन नाकारल्याचा दोष मात्र स्वयंपाक करणारीवर आला.

८. पुरवठ्याचा दाब आणि अन्य कारणे

शेगडीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारी शेगडी १६० व्होल्टवर सुमारे ९७० वॅटच देते, म्हणजे निम्म्याहून कमी. गावची डीपी पंपांच्या भाराने वाकली की दिवे मिणमिणतात, हे सर्वपरिचित आहे. अशा वेळी डाळ शिजण्यास दुप्पट वेळ लागतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. त्या काळात अक्षय प्रकाश योजना आणि गावठाण व शेतीच्या वीजवाहिन्या वेगळ्या करण्याचे काम यांमुळे गावठाणातील पुरवठा सुधारण्यास मदत झाली. तथापि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळीच वीज जाईल ही धास्ती दीर्घकाळ टिकून राहिली.

खर्चाचे कारणही नाकारता येत नाही. शेतातील पऱ्हाट्या विनामूल्य होत्या आणि विजेचे बिल रोखीने भरावे लागे. १९५५ पासून भारतात आलेला स्वयंपाकाचा गॅस आधी शहरांत व पुढे तालुक्याच्या गावांत पसरला. १ मे २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने तो गरीब घरांतही पोहोचविला. गॅसला घराच्या भिंतीतील तारेवर अवलंबून राहावे लागत नाही, हे त्याच्या प्रसाराचे एक अलक्षित कारण होय. तरीही केवळ दराने सर्व उलगडा होत नाही. ज्या सुस्थित घरांनी गॅससाठी रोख पैसे मोजले, त्यांनीही विद्युत शेगडीस मुख्य स्थान दिले नाही, कारण त्यांच्या घरांतील तारही दिव्याचीच होती.

९. सद्यःस्थिती

२००३ च्या विद्युत कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. राज्य मंडळाच्या विभाजनानंतर २००५ पासून वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्याच वर्षीच्या राज्य विद्युत पुरवठा संहितेत सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअर होती. पाश्चात्त्य धर्तीचा एक पूर्ण संच यातील बहुतेक हिस्सा एकटाच घेईल. म्हणून असा संच आपल्याकडील सर्वसामान्य घराचे उद्दिष्ट असू शकत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी ठरावीक भाराच्या पुढील जोडण्यांना गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन आवश्यक केले. २०२३ मध्ये नवे विनियम आले. ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारे हे साधन वर वर्णिलेल्या प्रसंगी, फ्यूज शाबूत असतानाही, जीव वाचवू शकते.

दरम्यान इंडक्शन शेगडी घराघरांत पोहोचली आहे. तिच्यावर उघडी कॉइल नाही, त्यामुळे तव्याचा जुना धोका टळला. मात्र तिचा भारही २००० वॅटपर्यंत असतो. तिचा मोठा प्लग कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटमध्ये बसविला जातो, तेव्हा आगपेटीच्या काडीचीच गोष्ट नव्या रूपात पुन्हा घडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने विजेवरील वाहने व स्वयंपाक यांच्या प्रसारासाठी मोहीम सुरू केली. शेगडीच्या किमतीची चर्चा होत असताना भिंतीतील तारेची चर्चा मागे पडू नये, एवढा बोध या इतिहासातून घेता येईल.

१०. निष्कर्ष

१) वसमतसारख्या प्रदेशात विद्युत शेगडी रुजली नाही याचे महत्त्वाचे कारण घरगुती वायरिंगच्या घडणीत आहे. दारिद्र्य व सवय ही कारणे त्यास पूरक आहेत, पर्यायी नाहीत.

२) विद्युतीकरणाच्या व्याख्यांनी गाव, पंप आणि दिवा मोजला, घराची सुरक्षित वहनक्षमता मोजली नाही.

३) अर्थिंगविषयक नियम १९५६ पासून अस्तित्वात होते. उणीव अंमलबजावणीची होती व तिचा भार प्रामुख्याने स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीवर पडला.

४) शेगडी वाटपाच्या कोणत्याही योजनेत पुढील तीन गोष्टींचा अंतर्भाव असावा : मुख्य फलकापासून किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार व १६ अँपिअरचे सॉकेट, चाचणी केलेले अर्थिंग आणि गळतीवर पुरवठा तोडणारे साधन. हे काम परवानाधारकाकडूनच व्हावे.

पूर्णेच्या काठी वीज निर्माण झाली त्यास अर्धशतक उलटले. तिच्या काठच्या घरांत भाकरी करणारा ओला हात निर्धास्त होईल, तेव्हा या भागाचे विद्युतीकरण पूर्ण झाले असे म्हणता येईल.